चिअर्ससाठी चहा: घरच्या घरी स्पार्कलिंग टी

दोन वर्षांपूर्वीचा एकतीस डिसेंबर. आमच्या गच्चीवर पंधरा-सोळा माणसं जमली होती. बारा वाजायला पाच मिनिटं उरली तशी शॅम्पेनची बाटली निघाली (आपण शॅम्पेन म्हणतो, होती ती नाशिकची स्पार्कलिंग वाईन), उभट काचेचे ग्लास निघाले. धाकटी बहीण तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती, आणि बाबा हयातभर दारूला शिवलेले नाहीत. त्या दोघांच्या हातात कुणीतरी नारिंगी कोल्ड्रिंकचे कागदी पेले दिले. मग फोटो काढला. त्या फोटोत सगळ्यांचे ग्लास वर आहेत आणि बाबांचा पेला छातीशी धरलेला आहे. मला तो फोटो अजून बघवत नाही.

न पिणाऱ्या माणसालाही काचेच्या ग्लासात, मोठ्या माणसाच्या चवीचं काहीतरी मिळायला हवं, या हट्टापायी मी स्पार्कलिंग टीच्या, म्हणजे बुडबुड्यांच्या गार चहाच्या, मागे लागले. आता हात बसलाय. नव्याने करून बघणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

चहाच का, सरबत का नाही?

कोकम, पन्हं, लिंबू सरबत माझ्याही जिवाचं आहे. पण सहा रसांपैकी सरबतात मुख्यतः दोनच असतात, गोड आणि आंबट. वाईन प्यायल्यावर जिभेच्या कडा किंचित आवळल्यासारख्या होतात, तोंड कोरडं पडतं आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो, तो तुरट रसाचा परिणाम. द्राक्षाच्या साली-बियांमधून तो वाईनमध्ये येतो. फळांच्या रसात तो फारसा नसतो, म्हणून ज्यूस अर्ध्या ग्लासात कंटाळा आणतो. चहाच्या पानात मात्र तुरटपणा मुळातच भरपूर आहे. जोडीला सुगंध आहे, रंग आहे. बुडबुडे तेवढे आपण घालायचे.

कोपनहेगनमधले वाईनतज्ज्ञ याकोब कोसेम्बा याच वाटेने गेले. एका मिशेलिन तारांकित रेस्टॉरंटात काम करताना एका गोड पदार्थाला साजेशी वाईन त्यांना सापडेना, तेव्हा ते वेगवेगळ्या चहांचं मिश्रण करून बघू लागले. त्यातूनच २०१७ मध्ये बो स्टेन हान्सन यांच्यासोबत 'कोपनहेगन स्पार्कलिंग टी' ही कंपनी उभी राहिली. लंडनच्या 'फोर्टनम अँड मेसन' या जुन्या चहावाल्यांकडेही आता स्वतःच्या नावाचा स्पार्कलिंग टी मिळतो. इंग्लंडच्याच 'सायचो'ची पद्धत वेगळी आहे. ते मिश्रण करत नाहीत, एका बाटलीत एकाच जातीचा चहा वापरतात: दार्जिलिंग, जाईच्या फुलांचा, किंवा भाजलेला जपानी होजिचा. पानं चोवीस तास गार पाण्यात भिजवतात.

तुम्ही परदेशात असाल, किंवा कुणी तिकडून बाटली आणणार असेल, तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: 'स्पार्कलिंग टी' लिहिलेली प्रत्येक बाटली बिनदारूची नसते. त्या डॅनिश कंपनीच्याच बाटल्यांना रंगांची नावं आहेत. डॅनिशमध्ये 'निळा' आणि 'फिका गुलाबी' अशा नावांच्या बाटल्या शून्य टक्क्याच्या, तर 'हिरवा' आणि 'लाल' नावांच्या बाटल्यांत पाच टक्के अल्कोहोल असतं. बाटल्या दिसायला बहिणी-बहिणी. ज्याच्यासाठी आणताय त्याने विश्वासाने ग्लास तोंडाला लावायचा आहे, तेव्हा मागचं लेबल वाचल्याशिवाय आणू नका.

मी मात्र घरी करते. खर्च कितीतरी कमी येतो आणि चव आपल्या हातात राहते.

पान निवडणं

रोजच्या दुधाच्या चहाची भुकटी इथे चालणार नाही. ती सीटीसी पद्धतीने, म्हणजे पान चिरडून, फाडून, गोळी वळून केलेली असते. दूध-साखर पेलायला तसा दणकट चहाच लागतो, पण गार पाण्यात ती गढूळ उतरते आणि तुरटपणाऐवजी कडवटपणा पुढे येतो. आपल्याला अख्ख्या पानाचा चहा हवा. दुकानात 'ऑर्थोडॉक्स' किंवा 'होल लीफ' म्हणून मागा.

पहिल्यांदा करणार असाल तर दार्जिलिंगच घ्या. या चहाला 'चहातलं शॅम्पेन' म्हणतात. ही दोन्ही नावं आपापल्या मातीला बांधलेली आहेत: फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांताबाहेरच्या वाईनला शॅम्पेन म्हणता येत नाही, आणि भारतात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी, २००४-०५ मध्ये, मिळालं ते दार्जिलिंग चहालाच. मार्च-एप्रिलमध्ये खुडलेला तो फर्स्ट फ्लश. त्याची चव हिरवट, फुलांसारखी, हलकी. मे-जूनचा तो सेकंड फ्लश, आणि आपल्या कामाचा खरा हाच. त्यात पिकलेल्या द्राक्षासारखा वास असतो, त्याला मस्कटेल म्हणतात.

हा वास येतो कसा, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. त्या दिवसांत बागेत तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात. झाड स्वतःचा बचाव करायला सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि पुढे पान सुकवताना-मळताना तो वास फुलतो. आपल्याकडे द्राक्षाच्या आणि कपाशीच्या शेतकऱ्यांची झोप उडवणारे तुडतुडे-फुलकिडे तिथे चहाचा भाव वाढवतात.

दुसरी सोपी निवड म्हणजे जाईचा चहा. तो हिरवा चहा असतो. ताज्या कळ्यांच्या सहवासात पान ठेवून, कळ्या बदलत बदलत वास मुरवलेला असतो. रंग फिका येतो, वास ग्लास नाकाजवळ नेण्याआधीच येतो. ज्यांना कोरा चहा आवडत नाही त्यांनाही हा आवडतो, असा माझा अनुभव आहे.

अर्क काढणं

आपण चहा उकळणार नाही, भिजवणार आहोत. गरम पाणी पानातला कडूपणा आणि तुरटपणा भराभर ओढून घेतं. शिवाय कोरा काळा चहा गरम करून गार केला की दुधाळ दिसू लागतो, कारण गार होताना कॅफिन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना धरून बसतात. गार पाण्यात हे सगळं सावकाश आणि थोडं उतरतं, त्यामुळे अर्क बराच स्वच्छ राहतो.

प्रमाण असं: ६०० मिलिलिटर पाण्याला २५ ग्रॅम पान. काटा नसेल तर आणा, चमच्याने अंदाज चुकतो, कारण मोठं पान चमच्यात नीट मावत नाही. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरचं जड पाणी घेतलं तर चव बोथट होते. काचेच्या बरणीत पान टाका, गार पाणी ओता, झाकण लावून थेट फ्रीजमध्ये. ओट्यावर रात्रभर ठेवू नका. हे पाणी कुठेही उकळलेलं नाही, बाहेर ठेवलं तर खराब होतं. दार्जिलिंगला दहा ते बारा तास द्या, जाईच्या चहाला सहा ते आठ पुरेत.

सकाळी बरणी उघडाल तेव्हा पानं फुगून तळाशी बसलेली असतील. आधी साध्या गाळणीतून, मग ओल्या मलमलीच्या फडक्यातून आणि जमलं तर शेवटी कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. पानं पिळू नका, पिळलं की कडूपणा उतरतो. पानं पाणी पितात, म्हणून हाती साधारण ५०० मिलिलिटर अर्क येईल. एवढं बारीक गाळायचं कारण पुढे कळेलच: तरंगणारा प्रत्येक कण सोड्यातला वायू बाहेर काढतो.

आता एक चमचा चाखून बघा. तो नुसता प्यायला जास्तच वाटला पाहिजे, जिभेच्या कडा आवळल्या पाहिजेत. यात दुप्पट सोडा पडणार आहे. अर्क आत्ताच छान लागत असेल तर ग्लासात तो पाणचट लागेल.

गोडी आणि आंबट

अगदी बिनसाखरेचा स्पार्कलिंग टी नव्याने पिणाऱ्याला पोकळ लागतो. ब्रूत नावाच्या कोरड्या शॅम्पेनमध्येही लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि तिथे अल्कोहोलचा भरीवपणा असतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून थोडी जास्त घालायची. माझं माप: वरच्या अर्काला ४० ग्रॅम साखर. तयार पेय दीड लिटर होतं, म्हणजे लिटरला २७ ग्रॅमच्या आसपास. बाजारच्या कोलात लिटरला शंभराच्या वर असते. गार अर्कात साखर लवकर विरघळत नाही, तेव्हा दोन मोठे चमचे गरम पाण्यात ती विरघळवून, पाक गार करून मग घाला. गूळ घालायचा मोह होईल, पण गुळाची स्वतःची चव आणि रंग इतका ठसठशीत की दार्जिलिंगचा वास त्याखाली दबतो. मधाचंही तेच.

मग लिंबू. दोन मोठे चमचे रस, बिया आणि गर गाळून. इथे क्षणभर थांबून बघा. दार्जिलिंगचा अर्क तांबूस, मधाच्या रंगाचा असतो. लिंबाचा रस पडेल तिथे तो उजळतो, आणि ढवळल्यावर सगळा अर्क गव्हाच्या काडीसारखा पिवळट सोनेरी होतो. आंबटाने चहाचे रंगद्रव्य फिके पडते, इतकंच त्यामागचं कारण. पण पहिल्यांदा तो रंग बघितला तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात हाक मारली होती.

द्राक्षांचा हंगाम असेल तर याहून चांगली युक्ती आहे. हिरवी, जरा आंबटच द्राक्षं मिक्सरला फिरवून, दोनदा गाळून १५० मिलिलिटर रस घ्या आणि साखर निम्म्यावर आणा. वाईनचा खास आंबटपणा टार्टारिक आम्लाचा, आणि ते द्राक्षात असतंच. त्यामुळे चव पटकन वाईनच्या अंगाने जाते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचा मला यासाठी फार उपयोग होतो, फक्त ती ऐन डिसेंबरअखेरीस चांगली मिळतीलच असं नाही.

सगळ्या अर्कात हात घालण्याआधी एका ग्लासात एक भाग अर्क, दोन भाग सोडा घालून चाखा आणि मग गोड-आंबट ठरवा. अर्क चुकून कडू झाला असेल तर साखर वाढवत बसू नका, चिमटीभर मीठ घालून बघा. मीठ कडूपणा खाली बसवतं.

बुडबुडे

सगळ्यात सोपा मार्ग दुकानातल्या साध्या सोड्याचा, आणि पहिल्या वेळी तोच धरा. लेबलवर घटक वाचा. काही सोड्यांत सोडियमचे क्षार घातलेले असतात, ते आंबटपणा मारतात आणि खारट चव मागे ठेवतात. शक्यतो फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड असलेला घ्या. लहान बाटल्या घ्या, एक उघडली की ती लगेच संपली पाहिजे.

सोडा आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये हवा. सगळी करामत थंडपणाची आहे: शून्य अंशाजवळ एक लिटर पाणी साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, वीस-पंचवीस अंशांना त्याच्या निम्म्याच्या आसपास. कोमट अर्कात गार सोडा ओतलात तर वायू ओतता ओतताच निघून जातो. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. आपल्या सोड्यात त्याहून बराच कमी, आणि त्यात आपण अर्क मिसळून तो आणखी पातळ करणार. म्हणूनच अर्क दाट आणि सोडा दुप्पट. निम्मा-निम्मा केलात तर पेय मरगळलेलं होतं.

सोडा करायचं यंत्र घरी असेल तर त्यात फक्त पाणी भरा. मी पहिल्या खेपेला गाळलेला चहाच भरून गॅस सोडला होता. फेस बाटलीच्या गळ्यातून वर चढला, यंत्राच्या नळीत शिरला आणि ओट्यावरून फरशीवर उतरला. नळीतला चिकटपणा काढायला दुसरा दिवस गेला. रिठ्याच्या पाण्याला ज्या सॅपोनिनमुळे फेस येतो, ते चहाच्या पानातही असतं. म्हणून आधी पाण्याचा सोडा, मग अर्क, हा क्रम मोडू नका.

तिसरा मार्ग आंबवण्याचा, म्हणजे कोंबुचाचा (साखर घातलेला चहा आंबवून केलेलं पेय). कोंबुचा मला आवडतो, पण बिनदारूचं पेय हवं असेल तर घरचा कोंबुचा त्यासाठी नको. आंबवताना थोडं अल्कोहोल तयार होतंच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्याच्या वर गेलं की पेय मद्य ठरतं, आणि घरच्या बरणीत ते किती झालं हे चवीवरून सांगता येत नाही. शिवाय बंद बाटलीत दाब वाढून काच फुटू शकते. तुमचा साखर-द्राक्षरस घातलेला अर्कही बूच लावून फ्रीजबाहेर ठेवू नका, तोही आंबेल. फ्रीजमध्ये दोन दिवसांत संपवा.

ओतणं

ग्लास उंच, वर किंचित निमुळता, पातळ काचेचा. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो, म्हणून गरम पाण्याने पुन्हा विसळा आणि सुती फडक्याने कोरडा पुसा. पुसताना कापडाचे सूक्ष्म धागे काचेला चिकटतात, ते राहू द्या. ग्लासाच्या तळातून मोत्याच्या सरीसारखे बुडबुडे वर येतात ते बहुतेक अशाच तंतूंच्या पोकळीतून जन्मतात. फ्रान्समधल्या रीम्स विद्यापीठाचे जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. २०१० मध्ये त्यांच्या गटाने मोजून दाखवलं की ग्लास तिरपा धरून, कडेवरून हळू ओतलं तर वायू जास्त टिकतो. बिअर ओततात तसं.

तर ग्लासात आधी ४० मिलिलिटर गार अर्क, मग ग्लास तिरपा करून कडेवरून ८० मिलिलिटर सोडा. ढवळायचं नाही, सोडा खाली जाताना आपोआप मिसळतं. जगमध्ये एकत्र करून ठेवू नका. बर्फही नको. बर्फाच्या खडबडीत अंगावर बुडबुडे फुटतात आणि पाच मिनिटांत चव पातळ होते. एवढ्या अर्कात बारा-चौदा ग्लास होतात.

सोबत तळलेलं, खमंग काहीतरी ठेवा. कोथिंबीर वडी आणि दार्जिलिंग ही आमच्याकडची ठरलेली जोडी: तुरटपणा आणि बुडबुडे तेलाचा थर जिभेवरून धुऊन नेतात. जाईच्या चहाबरोबर सुरळीची वडी किंवा साधं पनीर चांगलं लागतं. श्रीखंड, गुलाबजाम, केक यांच्याबरोबर देऊ नका. गोडानंतर हे पेय नुसतं आंबट लागतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

कोणाला काय द्यावं याचंही भान हवं. चहा गार भिजवला म्हणून कॅफिन जात नाही. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांना आणि मुलांना मी वाळलेल्या लाल अंबाडीच्या बोंडांचा अर्क देते. परदेशात 'हिबिस्कस टी' म्हणून विकतात तो हाच, विदर्भात याचं सरबत करतातच. १५ ग्रॅम बोंडं अर्धा लिटर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, गाळून गार करायची, लिंबू अजिबात घालायचं नाही. रंग माणकासारखा येतो. गरोदर बाईला मात्र अंबाडीचा चहा देऊ नका, तो गरोदरपणात टाळायला सांगतात. तिला साधा चहा कितपत चालेल हे तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

एकतीस तारखेसाठी वेळेचं गणित असं. तीस तारखेला रात्री नऊला पानं भिजवा, त्याच वेळी सोड्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये आडव्या-उभ्या जमतील तशा लावा. एकतीसला सकाळी आठ-नऊच्या सुमाराला गाळा, पाक आणि लिंबू घाला, चाखा, बरणी परत आत. संध्याकाळी ग्लास पुसून ठेवा. पावणेबाराला अर्क सगळ्या ग्लासांत ओतून ट्रे तयार ठेवा. सोड्याची पहिली बाटली बाराला तीन मिनिटं असताना उघडा, त्याआधी नाही, आणि ओतायला दोन माणसं घ्या.

गेल्या वर्षी ओतायला मी आणि बाबा होतो. ग्लास तिरपा धरायचं त्यांना एकदाच सांगावं लागलं. पहिला त्यांनी स्वतःसाठी भरला, दिव्यासमोर धरून बुडबुडे बघितले, आणि मग बाकीच्यांचे भरायला घेतले.